जुनी फ्रेम भंगारात घालू नका

मुंबई-पुणे सायकल शर्यतीने खोपोलीचा बोरघाट गाजवला. या वाटेवरच्या कर्जत-खालापुरातील सायकल कारागिरांकडे एखादी जुनी पोलादी रेसर फ्रेम आली, तर तिला भंगाराचा भाव लावू नये. नुसत्या फ्रेमवरून पूर्ण सायकल उभी करता येते. मात्र आधी माप, मग खरेदी. इंग्रजी फ्रेमच्या बीबीला उजवीकडे उलटे आटे असतात, इटालियनला दोन्हीकडे सुलटे. चुकीचा कप जोराने पिळला की फ्रेमही गेली अन् गिऱ्हाईकही! २७ इंची चाकाऐवजी ७००सी घातले, तर रिम ४ मिलिमीटर खाली जाते. ब्रेक पोहोचतो का, पाहावे. सुटे भाग कोणीही विकेल. खरी कमाई या जाणकारीची आहे. तिची मजुरी आधीच ठरवून, लिहून घ्यावी.