जाहिरातीच्या नाड्या

लॉर्ड लिटनने १८७८ साली देशी वृत्तपत्रांचा कायदा आणला, तेव्हा इंग्रजी पत्रे त्यातून वगळली होती. जामीन मागायचा तो देशी भाषांत छापणाऱ्यांकडून, आणि त्यावर न्यायालयात दादही नाही. कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ त्या कायद्याच्या धसक्याने रातोरात बंगालीची इंग्रजी झाली. कायदा जुलमी खरा, पण त्याखाली कोणाची तरी सही होती. म्हणूनच पुढे रिपनच्या काळात तो रद्द करता आला.

आज सीमाभागातील मराठी लिखाणाकडे जामीन मागायला कोणी येत नाही. जाहिरात थांबते, इतकेच.

आमच्या परिचयाच्या एका लहान साप्ताहिकाने हुतात्मा दिनी, १७ जानेवारीस, १९५६ च्या बेळगावातील गोळीबारावर लेख दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑनलाइन आवृत्तीतील त्या पानावरच्या जाहिराती गेल्या. कारण काय, तर ‘अनुचित आशय’. कोणता शब्द अनुचित, हे संपादकांना अखेरपर्यंत कळले नाही.

वाचकाने पान उघडताच त्यावरील जाहिरातीच्या जागेचा निमिषार्धात लिलाव होतो. जागा विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा दलाल आणि लिलावाचा बाजार, या तिन्ही ठिकाणी गूगल बसलेली आहे. २००८ साली डबलक्लिक ताब्यात घेतल्यापासून तिचे आसन पक्के झाले. अमेरिकेतील न्यायाधीश लिओनी ब्रिन्केमा यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी यांपैकी दोन ठिकाणची, म्हणजे प्रकाशकांच्या बाजूची आणि बाजाराची, मक्तेदारी बेकायदा ठरविली. जाहिरातदारांच्या बाजूचा आरोप टिकला नाही. युरोपीय आयोगाने त्याच वर्षी २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. हा हिशेब पैशांचा झाला. शब्दांचा अजून कोणी मांडलेला नाही.

जाहिरातदारांपुढे ‘शोकांतिका आणि संघर्ष’ असा एक वर्ग ठेवलेला असतो. एक खूण केली की तसा सारा मजकूर वगळला जातो. शिवाय वर्ज्य शब्दांच्या याद्या असतात. २०२० मध्ये ‘कोरोना’ हा शब्दच अशा याद्यांत गेला आणि महामारीची बातमी देणारी वृत्तपत्रे ऐन गरजेच्या वेळी उत्पन्नाला मुकली. मग ‘सीमालढा’ या शब्दाचे काय होणार? आपल्या भाषेत लढा सत्याग्रहाचाही असतो, आणि रक्ताचे पाणी करणारा माणूस कोणाच्या अंगावर धावून जात नाही. यंत्राला हे कोणी शिकवावे?

जाहिरात कोठे द्यावी हा देणाऱ्याचा हक्क आहे, हे मान्य. पण तो आमचा लेख वाचून नकार देत नाही. त्याच्या वतीने न वाचणारा मध्यस्थ देतो, आणि त्याला टाळून जावे असा दुसरा बाजार जवळपास नाही.

त्या साप्ताहिकाच्या संपादकांनी यंदा लेखात ‘गोळीबार’ऐवजी ‘ती घटना’ असे लिहिले. जाहिराती टिकल्या. आमचे भांडण नेमके येथे आहे. जाहिरात थांबविताना आक्षेपार्ह वाक्य लेखी दाखविले पाहिजे, आणि अपील मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचले पाहिजे. हे बंधन कायद्यानेच घालावे. तोवर बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी व्यापाऱ्यांनी आपल्या जाहिराती थेट संपादकांच्या हाती द्याव्यात, आणि संपादकांनी तो शब्द परत लिहावा.