खुंटी आणि कीर्ति

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमची थोरली नात महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत आहे. शहरांतील एका साड्यांच्या दुकानानें दिवाळीच्या जाहिरातीसाठीं तिला विचारलें. काम चार दिवसांचें, मोबदला बरा, आणि सोबत इंग्रजींत छापलेलें तीन पानांचें करारपत्र. घरांत तत्काळ दोन पक्ष पडले. आपल्या घरच्या मुलीचा चेहरा चव्हाट्यावरील फलकावर लागावा, ही गोष्ट थोरल्या वहिनींना मुळींच पसंत नव्हती. उलट, कष्टाचा पैसा मिळत असेल तर त्यांत वावगें कांहींच नाहीं, असें सूनबाईंचें म्हणणें. कोणताहि वाद मिटेनासा झाला, कीं तो माझ्या आरामखुर्चीपाशीं आणून ठेवावयाचा असा आमच्या घरचा प्रघात आहे. निवृत्त मास्तरास दुसरा उद्योग तो काय असणार!

मीं निकाल देण्यास विलंब लावला नाहीं. म्हणालों, “रूप म्हणजे अळवावरचें पाणी. विद्येची कीर्ति टिकते, रूपाची टिकत नाहीं.”

नात शांतपणें म्हणाली, “आजोबा, कारण दिल्याशिवाय तुम्ही उत्तराला गुण देत नव्हतां, असें बाबा सांगतात. मग या उत्तराला कारण काय?”

उभा जन्म दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें ‘कारण द्या’ असें लिहिण्यांत गेलेल्या माणसास हा टोला लागावयाचा तो लागलाच. मीं तिला पंधरा दिवसांची मुदत मागितली, आणि या व्यवसायांत गाजून गेलेल्या चार स्त्रियांचीं चरित्रें तिच्याच मदतीनें वाचून काढलीं. त्या वाचनाचें फलित आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम व्यवसायाचें स्वरूप पाहूं. वेशकार नवा पोशाख निर्माण करतो. मॉडेल तो अंगावर घालून उभी राहते. छायाचित्रकार तिचें चित्र घेतो. आणि तें चित्र पाहून गिऱ्हाईक पोशाख घेतें. म्हणजे एका चित्रांत तिघांचे श्रम असतात. कीर्ति मात्र तिघांत सारखी वांटली जाते किंवा नाहीं, हाच आपला प्रश्न आहे. आपल्या संस्कृत ग्रंथकारांनीं ‘यशःशरीर’ अशी एक सुंदर कल्पना सांगितली आहे. मनुष्याचें पार्थिव शरीर जातें, यशाचें शरीर मात्र जरामरणरहित असतें. छायाचित्रांतील मॉडेलला हें शरीर अक्षरशः प्राप्त होतें. तिचा देह कागदावर कधींच म्हातारा होत नाहीं. पण त्या देहावर तिचें नांव राहतें का, आणि त्याचें फळ तिला मिळतें का?

पहिली लिझा फॉन्साग्रीव्ह. जन्म १९११, स्वीडन. नृत्याच्या ओढीनें ती पॅरिसला आली आणि तेथें छायाचित्रकारांच्या दृष्टीस पडली. १९३९ सालीं एर्विन ब्लुमेनफेल्ड या छायाचित्रकारानें तिला थेट आयफेल मनोऱ्यावर उभें केलें. एका हातानें लोखंडी तुळई धरलेली, दुसऱ्या हातानें झग्याचा घोळ पंखासारखा वाऱ्यावर पसरलेला, आणि खालीं दूरवर पॅरिस शहर, असें तें चित्र आहे. पाहणाऱ्याच्याच पोटांत गोळा येतो. ती मात्र नर्तकीच्या सहजतेनें उभी आहे. पुढें ती अमेरिकेंत गेली. १९४९ सालीं ‘टाइम’ साप्ताहिकानें तिला मुखपृष्ठावर घेतलें, तेव्हां तासाला ४० डॉलर हा तिचा दर होता. एवढी कीर्ति असतांहि ती स्वतःस कपडे अडकविण्याची एक चांगली खुंटी म्हणे. वाक्य विनयाचें असेल. पण त्यांत व्यवसायाची अचूक पारख होती. १९५० सालीं तिनें अर्विंग पेन या नामांकित छायाचित्रकाराशीं विवाह केला, आणि उत्तरायुष्यांत ती शिल्पकार झाली. न्यूयॉर्कमधील मार्लबरो या प्रतिष्ठित कलादालनानें तिचीं शिल्पें मांडलीं. १९९२ सालीं ती वारली.

दुसरी डोव्हिमा. जन्म १९२७, न्यूयॉर्क. मूळ नांव डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जूबा. तिन्ही नांवांचीं आद्याक्षरें जुळवून तिनें हें नवें नांव घेतलें. बालपणीं सांध्यांच्या तापानें तिचीं कित्येक वर्षें अंथरुणांतच गेलीं होतीं. १९५० नंतरच्या दशकांत ती जगांतील सर्वांत महागड्या मॉडेलांपैकीं एक होती. तासाला ६० डॉलर, म्हणजे मिनिटाला एक डॉलर, असा तिचा दर सांगत. १९५५ च्या ऑगस्टमध्यें रिचर्ड अ‍ॅव्हेडन या छायाचित्रकारानें पॅरिसच्या एका सर्कशींत तिला हत्तींच्या रांगेपुढें उभें केलें. अंगांत दिओर या वेशगृहाचा काळा झगा, कमरेस पांढरा रेशमी पट्टा. एक हात हत्तीच्या सोंडेवर, दुसरा उंचावलेला. हत्तींच्या पायांत सांखळ्या आहेत, आणि मधोमध ही नाजुक स्त्री जणूं त्यांना शांत करीत आहे. हा झगा ईव्ह सॅं लोराँ या तरुण वेशकाराच्या हातचा होता. तो पुढें जगप्रसिद्ध झाला. अ‍ॅव्हेडनचें नांव तर छायाचित्रणाच्या इतिहासांत कायमचें कोरलें गेलें. डोव्हिमाचें काय झालें? वयाच्या पस्तिशीच्या आसपास तिनें हा व्यवसाय सोडला. उतारवयांत ती फ्लॉरिडांतील एका पिझ्झाच्या खाणावळींत येणाऱ्या गिऱ्हाइकांचें स्वागत करण्याचें काम करीत होती. १९९० सालीं, ६२ व्या वर्षीं, कर्करोगानें तिचें निधन झालें. वीस वर्षांनीं, २०१० च्या नोव्हेंबरमध्यें, त्या हत्तींच्या चित्राची पुरुषभर उंचीहून मोठी अशी एक प्रत पॅरिस येथें लिलांवांत निघाली आणि ८,४१,००० युरोंस विकली गेली. घेणारी संस्था कोण? तेंच दिओर वेशगृह. झगा परत झगेवाल्याच्या घरीं गेला!

खाणावळींतील काम हलकें, असें मला म्हणावयाचें नाहीं. श्रम कोणतेहि हलके नसतात. परंतु जिच्यावांचून तें चित्र झालेंच नसतें, तिचा त्या चित्राच्या किंमतींत कपर्दिकेचाहि वांटा नसावा, ही गोष्ट मला रात्रीं बराच वेळ जागवून गेली. ती फसविली गेली असें नव्हे. तासाचे ६० डॉलर तिला रोख मिळाले होते. तास संपला, हिशेब संपला. चित्र मात्र संपलें नाहीं.

तिसरी आणि चौथी दोघी इंग्लंडच्या, एकाच काळांतल्या. लेस्ली हॉर्नबी, जी ‘ट्विगी’ या नांवानें गाजली, तिचा जन्म १९४९ चा. ट्विगी म्हणजे काटकुळी! १९६६ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, लंडनच्या एका दैनिकानें तिला त्या सालचा चेहरा म्हणून घोषित केलें. आणि अवघ्या चार वर्षांत, १९७० सालीं, भर यशांत तिनें हा व्यवसाय सोडला. जन्मभर कांहीं कपड्यांची खुंटी होऊन राहतां येत नाहीं, हें तिचें कारण! लिझाची उपमा एका पिढीनंतर हिच्या तोंडीं आली, हें पाहून मला मौज वाटली. पुढें ती गाणें शिकली, नाच शिकली. १९७१ च्या ‘द बॉय फ्रेंड’ या चित्रपटासाठीं तिला दोन गोल्डन ग्लोब पारितोषिकें मिळालीं, १९८३ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ती गाजली, आणि २०१९ सालीं ब्रिटिश राजदरबारानें तिला ‘डेम’ हा किताब दिला.

जीन श्रिम्प्टन (जन्म १९४२) हिची गोष्ट याच्या अगदीं उलट. १९६५ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें घोड्यांच्या शर्यतीस ती गुडघ्यांच्या वर येणारा पांढरा झगा घालून गेली. डोक्यास टोपी नाहीं, हातांत मोजे नाहींत. कापड पुरलें नाहीं म्हणून झगा आंखूड शिवला गेला होता, एवढाच त्यांतला इतिहास. त्यावर देशभर गदारोळ उठला, आणि आंखूड झग्यांची लाट जगभर पसरण्यास तो प्रसंग कारण झाला. इतकी प्रसिद्धि लाभलेल्या या बाईनें पुढें इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाकडील पेन्झान्स या गांवीं एक लहानसें हॉटेल घेतलें, आणि तें वर्षानुवर्षें चालविलें. कीर्ति तिला सोडून गेली नाहीं. तिनेंच कीर्तीला निरोप दिला.

आतां गुणपत्रिका मांडूं. चित्र, नांव आणि जीवन असे तीन रकाने पाडले, तर लिझाचे तिन्ही भरतात. डोव्हिमाचा पहिला कांठोकांठ भरतो, दुसरा अर्धामुर्धा, तिसरा रिकामा राहतो. ट्विगीचें नांव कोणत्याहि एका चित्राहून मोठें झालें. आणि श्रिम्प्टननें दुसरा रकाना स्वतःच्या हातानें पुसून तिसरा भरला.

म्हणजे माझें उत्तर चुकलें होतें. रूपाची कीर्ति टिकत नाहीं, असें मीं म्हटलें होतें. पण आयफेल मनोऱ्यावरील तें रूप १९३९ पासून आजतागायत जसेंच्या तसें आहे. टिकत नाहीं तें रूपवतीचें त्या रूपाशीं असलेलें नातें. उत्तर दुरुस्त करावयाचें तर असें लिहावें लागेल: रूपाची कीर्ति टिकते, परंतु ती जिचें रूप तिच्यापाशींच राहते असें नाहीं.

उत्तराच्या दुसऱ्या अर्धांतहि खोट निघालीच. विद्येची कीर्ति टिकते, असें मीं ठामपणें म्हणालों होतों. मला ज्यांनीं पाठशाळेंत अमरकोश पाठ करविला, त्या शास्त्रीबुवांचें नांव आज आमच्या घरांत माझ्यावांचून कोणास ठाऊक आहे? त्यांचा एक फोटोदेखील उपलब्ध नाहीं. त्यांची विद्या खोटी होती काय? मुळींच नाहीं. कीर्ति ही मोजपट्टीच आंखूड असली पाहिजे.

एवढें टिपण मीं घरांत वाचून दाखविलें, तेव्हां थोरल्या वहिनी माजघराच्या भिंतीकडे पाहत होत्या. तेथें राजा रविवर्म्याच्या चित्राची एक जुनी छापील प्रत माझ्या आजोबांच्या वेळेपासून टांगलेली आहे. त्या म्हणाल्या, “या चित्रासाठीं सुद्धां कोणी बाई बसलीच असेल कीं! आम्ही साठ वर्षें हिला पाहतों आहोंत. हिचें नांव काय, भाऊजी?”

मला सांगतां आलें नाहीं. त्या विशिष्ट चित्रापुरतें नाहीं, तरी एक नांव मात्र सांगतां आलें. गोमंतकांत १८८३ सालीं जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकर विसाव्या शतकाच्या आरंभीं रविवर्म्याच्या कांहीं चित्रांसाठीं बसल्या होत्या. त्यांचें रूप घरोघर लोकांनीं पाहिलें असेल. पण त्यांचें नांव राहिलें तें गाण्यामुळें. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खांसाहेबांपाशीं त्या शिकल्या; पुढें कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांना त्यांची तालीम मिळाली. १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांना फेलोशिप देऊन गौरविलें, आणि १९७४ सालीं त्या निवर्तल्या. चित्रांत त्या मूक होत्या. ओळखल्या गेल्या आवाजानें. वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “तो कागद वाचा एकदां नीट.”

तो कागद म्हणजे करारपत्र. वादाच्या भरांत तें आमच्यापैकीं कोणीहि वाचलें नव्हतें! चष्मा पुसून मीं वाचूं लागलों. दुसऱ्या पानावर तळाशीं एक कलम होतें. काढलेले फोटो जगांत कोठेंहि, कोणत्याहि स्वरूपांत, कायमचे वापरण्याचा आणि त्यांत हवे ते फेरफार करण्याचा हक्क दुकानाचा राहील, असा त्याचा आशय. चार दिवसांच्या मोबदल्यांत चेहरा जन्मभर गहाण! डोव्हिमाच्या काळीं निदान चित्र जेवढें काढलें तेवढेंच राही. आतां एका फोटोवरून यंत्रें न काढलेलीं शेंकडों चित्रें तयार करतात. हें संकट ओळखूनच न्यूयॉर्क राज्यानें मॉडेलांच्या रक्षणासाठीं एक कायदा केला. २०२४ च्या डिसेंबरांत त्यावर सही झाली आणि २०२५ च्या जूनपासून तो अमलांत आला. मॉडेलच्या चेहऱ्याची यांत्रिक प्रतिकृति करावयाची तर तिची स्वतंत्र लेखी संमति घ्यावी लागेल, आणि अडत्यांनीं शेंकडा २० हून अधिक दलाली घेऊं नये, अशीं त्यांत कलमें आहेत. तो कायदा कांहीं आपल्या पेठेंत लागू नाहीं. पण पेन्सिल आपल्या हातीं आहे.

मीं नातीस जवळ बसवून तीन दुरुस्त्या लिहविल्या. फोटो एक वर्षापुरते. या एकाच दुकानाच्या जाहिरातीपुरते. आणि यंत्राकडून तिच्या चेहऱ्याचें नवें चित्र करावयाचें नाहीं. शिवाय, परीक्षा तोंडावर असतां एकहि दिवस महाविद्यालय बुडवावयाचें नाहीं, अशी चौथी अट मीं तोंडीं घातली. ती मात्र दुकानासाठीं नव्हती. नातीनें ती हंसून मान्य केली.

दुकानानें पहिल्या दोन अटी स्वीकारल्या आहेत. तिसरीविषयीं ‘विचार करून कळवितों’ असें उत्तर आलें. ती मान्य झाल्याशिवाय जावयाचें नाहीं, असें नातीनें आपणहून ठरविलें आहे. आणि सर्वांत मोठें नवल म्हणजे, आतां वहिनीच रोज संध्याकाळीं विचारतात, “आलें का ग त्या साडीवाल्याचें उत्तर? चेहरा आपला, तर त्याची किल्ली आपल्याच कनवटीला हवी!”