दिवाळीत डार्विन नको

गणपती उठले की दिवाळीच्या सुट्टीची विचारणा सुरू होते. पाठीवर पिशवी टाकून, बसने आणि स्थानिक टूरने उत्तर ऑस्ट्रेलिया पाहू इच्छिणारी तरुण मंडळीही आता त्यात असतात. त्यांनी डार्विनहून जायच्या ‘काकाडू’ राष्ट्रीय उद्यानाचे नाव काढले की आपण ते मागितलेल्या तारखांत बसवून देतो. ते बसवू नये, अशी पर्यटन व्यवसायातल्या सर्वांना कळकळीची विनंती आहे.

माहितीपत्रकांत त्या भागाचे दोनच ऋतू असतात, ओला आणि कोरडा. काकाडूचे मूळ रहिवासी बिनिंज आणि मुंगुय मात्र वर्षाचे सहा ऋतू मानतात, आणि सहल आखणाऱ्याला तीच मोजणी कामाची आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत गुनुमेलेंग, म्हणजे घामाच्या धारा आणि दुपारचा गडगडाट. त्यामागून येणाऱ्या पावसात रस्ते पाण्याखाली जातात. मे ते मध्य जून हा येगे. पाणथळीत कमळे, पहाटे धुके, आणि पुढे मोठे वणवे पेटू नयेत म्हणून जाणत्यांनी मुद्दाम लावलेल्या लहान लहान आगी. मध्य ऑगस्टनंतरच्या गुरुंगमध्ये डबकी आटतात आणि उरलेल्या पाण्यावर पक्ष्यांचे थवेच्या थवे जमतात. आपली मे महिन्याची सुट्टी येगेत येते, हे आपले भाग्यच. जिम जिम धबधब्याची वाट मात्र पुराचे पाणी ओसरून मगरींची पाहणी झाल्यावरच उघडते. मे महिन्यात त्याची हमी देऊ नका.

डार्विन ते काकाडूतले जाबिरू गाव सुमारे 250 किलोमीटर. एका दिवसात जाऊन येणारी टूर स्वस्त असते, पण त्यात 500 किलोमीटर बसमध्येच जातात. उबिरच्या खडकावरची हजारो वर्षांची चित्रे निवांत पाहावीत, वर चढून नदाबच्या हिरव्या मैदानावर सूर्यास्त होईपर्यंत बसावे, यासाठी तिथे मुक्काम हवा. तीन दिवसांचीच टूर विका. डार्विनहून पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रूमपर्यंतचा बसप्रवास 1,800 किलोमीटरांहून अधिक, मुंबई-दिल्लीपेक्षाही लांब. वाटेतल्या किंबर्ली प्रदेशाचा मोठा पट्टा अंधारात निघून जातो. कॅथरीन किंवा कुनुनुरा इथे उतरण्याची सोय तिकिटातच करून द्या.

समुद्राबद्दल आपण फारच कमी बोलतो. उष्णकटिबंधीय किनाऱ्यावर साधारण ऑक्टोबर ते मे बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी या विषारी जेलीफिशचा धोका असतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तर बारमाही, आणि त्या नदीतून आत दूरपर्यंत येतात. पोहण्यास परवानगी असल्याची पाटी नसेल तर पाण्यात उतरायचे नाही, हे प्रवाशाला मराठीत, लेखी द्या.

2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी ऑस्ट्रेलियाने काम आणि भटकंतीचा व्हिसा खुला केला आहे. जागा वर्षाला 1,000, निवड सोडतीने. ज्यांचा नंबर लागेल ते कित्येक महिने त्या देशात राहतील, उत्तरेकडे कामही शोधतील. पहिल्या तिकिटासाठी ते आपल्याकडे येतील तेव्हा त्यांच्यासमोर आधी ऋतूंचा तक्ता ठेवा आणि मग नकाशा.

ज्यांना दिवाळीखेरीज रजाच मिळत नाही, त्यांना टास्मानिया सुचवा. तिथे तेव्हा वसंत असतो.