बाळाच्या मुखी काय जावे, हे कोणी ठरवावे?

पुण्यातील घराघरांतून एक वाद चालू असतो आणि त्यात आपल्याला, म्हणजे आयुर्वेदाच्या चिकित्सकांना व औषधविक्रेत्यांना, न विचारताच साक्षीदार केलेले असते. बाळाची आई म्हणते, सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही नको. आजी म्हणते, गुटी तर द्यायलाच हवी, आमची तिन्ही मुले गुटीवरच वाढली. आईच्या पाठीशी बालरोगतज्ज्ञ असतो आणि आजीच्या पाठीशी ‘आयुर्वेद’. हा आयुर्वेद नेमका कोणता, याची चौकशी घरात कोणी करीत नाही. ती आपण करावयास हवी, कारण नाव आपले वापरले जाते.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. काश्यप संहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन येते. म्हणजे जागतिक आरोग्य सभेने २००१ मध्ये सहा महिने निव्वळ स्तनपानाचा ठराव केला, ती मर्यादा आपल्याला परकी नव्हती. लेहनाचे म्हणाल तर काश्यपांच्या लेहाध्यायात लेहन कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, अशा दोन्ही याद्या आहेत. आईला दूध पुरेसे नसणे हे देण्याचे एक कारण. मंदाग्नी बालक हे न देण्याचे. ज्या ग्रंथात निषेधाची यादी आहे, त्याच्या नावावर प्रत्येक बाळाला रोज सकाळी सरसकट गुटी चाटविणे हा कुलाचार असेल, शास्त्र नव्हे.

येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जातकर्मात मध व तूप सांगितले आहे, आणि स्तन्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रवृत्त होते असे मानून पहिल्या दिवसांची योजना केलेली आहे. आज आपल्याला ठाऊक आहे की पहिल्या दिवसांतील चीक हेच बाळाचे पहिले रक्षण. मधाच्या बाबतीतही तसेच. मधात बोटुलिनम जंतूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतील बाळाच्या अपक्व आतड्यात ते रुजून विष निर्माण करतात व बाळ लुळे पडते. हा व्याधी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. शुद्ध मध, घरचा मध, जंगलचा मध, यांनी यात फरक पडत नाही. संहिताकारांपुढे हे ज्ञान नव्हते; आपल्यापुढे आहे. पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनाला येणाऱ्या बाळांपैकी किती वर्षाच्या आतील असतात आणि किती जणांना आईच्या नकळत आजी घेऊन आलेली असते, हे प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत पाहावे. माझे मत स्पष्ट आहे : वर्षापर्यंत मध नको आणि आईच्या संमतीवाचून थेंबही नको.

आता गुटीविषयी. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, सागरगोटा, काकडशिंगी, अतिविष, डिकेमाली, जायफळ, मायफळ ही द्रव्ये निरुपयोगी आहेत असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. पण ती औषधे आहेत, आहार नव्हे. निव्वळ स्तनपानाच्या जागतिक व्याख्येत औषधाला मुभा आहे, आणि ‘गुटी औषधच आहे ना?’ म्हणून पुष्कळ घरे त्याच वाटेने सुटतात. मग रोग कोणता, मात्रा किती आणि थांबवायचे केव्हा, हेही विचारले पाहिजे. सहाणेवरचा एक वेढा म्हणजे किती, हे उगाळणाऱ्या हातावर ठरते. बाळ रडले की जायफळाचे वेढे वाढतात, बाळ निजते आणि गुटी ‘मानवली’ असा निर्वाळा मिळतो. ओलसर सहाण, धुवून न वाळविलेल्या मुळ्या, डब्यात धरलेली बुरशी यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

झोपविण्याच्या या उपायाचा इतिहास सुखद नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देत असत; १९२२ मध्ये त्यांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी ही चाल सर्रास असल्याचे नोंदविले. अफू गेली, पण आईला कामावर जावयाचे आहे आणि बाळ कोणाच्या तरी हाती सोपवायचे आहे, ही स्थिती गेली नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, परंतु त्यातील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेतले तर नंतर अठराच उरतात. बाळ साडेचार महिन्यांचे होण्याआधीच आई हिंजवडीच्या बसमध्ये आणि वाटी-चमचा आजीच्या हातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांच्या आतील निव्वळ स्तनपान घेणाऱ्या बाळांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५५ टक्के व २०१९-२१ मध्ये सुमारे ६४ टक्के आढळले. सुधारणा आहेच, पण उरलेल्या बाळांच्या घरी जाऊन पाहिले तर वाटी बहुधा प्रेमळ हातातच दिसेल.

म्हणून आजीला शत्रुपक्षात उभे करणे मला मान्य नाही. सहा महिन्यांनंतर तिच्याइतका जाणकार घरात दुसरा नसतो. मोड आणून वाळविलेल्या नाचणीचे सत्त्व, भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी आणि वर साजूक तूप, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. तेथे उलट सूनबाईच रंगीत डब्यातील पूड व दुधात बुडविलेली बिस्किटे घेऊन उभी असते, आणि तेथे आपण आजीची बाजू उघडपणे घ्यावी. सहा महिन्यांच्या अलीकडे मात्र आईचा शब्द अखेरचा. दूध तिच्या अंगाचे आहे आणि मधल्या प्रत्येक चमच्याने ते थोडे थोडे आटणार आहे.

हा शब्द पोहोचविण्याचे काम सुनेवर टाकू नये. ज्याची आई त्याने बोलावे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे पहिली गुटी आईच्या आईची. तिच्याशी लेकीनेच बोलावे. सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात बाळ सासरी गेले की दुसरी सहाण निघते, तेथे मुलाने. चिकित्सालयात येऊन भ्रमणध्वनीत डोके घालून बसणाऱ्या बापाला हे काम आपणच नेमून द्यावे. आजीला बाहेर बसवून सुनेला उपदेश करण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. बाहेर बसलेली आजी घरी गेल्यावर गुटी थांबवीत नाही, लपवून देते. तिला समोर बसवून विचारावे, ‘आजी, यात काय काय घालता, किती वेढे?’ ती अभिमानाने सांगते, आणि मग जायफळ काढावयास सांगितले तर ऐकते, असा माझा अनुभव आहे. बाळाला खरोखर औषध हवे असेल तर द्रव्य, मात्रा व दिवस कागदावर लिहून द्यावेत. ‘गुटी चालू ठेवा’ हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ नये.

राहिले औषधविक्रेते. मंडईच्या परिसरात काष्ठौषधींच्या दुकानांतून बाळगुटीच्या पुड्या बाळाचे वय न विचारता दिल्या जातात. त्यांवर द्रव्यांची नावेही पुष्कळदा नसतात. आपल्या दुकानात तरी एवढे व्हावे : पुडी मागणाऱ्याला वय विचारावे, सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी वैद्याची चिठ्ठी मागावी आणि मधाच्या बाटलीजवळ ‘एक वर्षाखालील बाळास देऊ नये’ ही पाटी गल्ल्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत लावावी. चार पुड्या कमी खपतील.