बारीक माणसालाही मधुमेह होतो



‘मधुमेह हा खात्यापित्या घरच्या लठ्ठांचा आजार’ हे आपल्या पुरवणीतल्या लेखातले विधान चुकीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२. चरबी वाढली की मधुमेहाचा धोकाही वाढतो. भारतीयांसाठी जादा वजनाची बीएमआय-रेषा २५ ऐवजी २३ धरतात, ती अशाच फरकामुळे. पळस्पे फाट्यावर रात्रपाळी करणारे आमचे शेजारी अगदी काटकुळे. ‘तुम्हाला कसली शुगर!’ असेच जो तो म्हणायचा. पायाची जखम चिघळली, तेव्हा कुठे तपासणी झाली.

लेखक सारा दोष आनुवंशिकतेला देतात, तेही अर्धवटच. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोची. तरीही आपल्या बाळांची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी भरले ते स्नायू. पिढ्यान्‌पिढ्या आयांची झालेली आबाळ वंशाच्या माथी कशी मारता येईल?

आरोग्य शिबिरांत वजनकाट्यासोबत कमरेला टेपही लावा, आणि बारीक माणसाला रक्त न तपासता परत पाठवू नका.

– एक वाचक, पळस्पे (ता. पनवेल)