उद्घाटनाआधी उधाण पाहा

समुद्रकाठची जागा लोकांना मोकळी करून देणे हे पुण्यकर्म आहे, याबद्दल माझा वाद नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी सुमारे १११ हेक्टरांचा भराव पडला आणि त्यांतील सुमारे ७० हेक्टर बागा, क्रीडांगणे व विहारपथ यांसाठी राखायचे ठरले. मुंबईकराला श्वास घ्यायला जागा नको कशी असेल? माझा वाद आहे तो पाहणीच्या मुहूर्ताशी.

प्रसन्न सकाळी, ओहोटीच्या वेळी पाहिला तर कोणताही किनारा गायीसारखा गरीब दिसतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला सहलीस गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा ना पावसाळा होता, ना अमावास्येचे उधाण. भांगाच्या दिवसांत ही गत, मग उधाणाचे काय सांगावे?

आमच्या किनाऱ्यावरचा कोळी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगतो. अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. म्हणजे भाऊबीजेला आपण जेवून, मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे, तर दर्या ऐन उधाणात! हा हिशेब कोळ्याच्या पोराला येतो. तो बागेच्या नकाशात मला दिसायला हवा.

पावसाळ्यात तर मुंबईची भरती साडेचार मीटरांवर चढते. त्या वेळी समुद्र आत शिरू नये म्हणून पर्जन्यवाहिन्यांची दारे लावावी लागतात आणि शहराचे पाणी शहरातच तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीही होतीच. या नव्या बागांच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला धावत्या मोटारी आणि परतीची वाट रस्त्याखालच्या भुयारातून. भुयारात पाणी भरले, तर आजीबाईंनी नातवाला घेऊन कुठे जावे? शिवाय भराव खचत असतो. तटामागची माती लाटेने ओढली, की वर फरशी शाबूत आणि खाली पोकळी!

“धोक्याचा फलक लावू,” असे उत्तर तयार असते. पाच वर्षांचे पोर फलक वाचत नाही. “लोकच बेशिस्त आहेत,” हे दुसरे उत्तर. अहो, सार्वजनिक जागा शिस्तबद्ध पुतळ्यांसाठी बांधायची असते काय?

म्हणून माझे मागणे साधे आहे. पाहणी आषाढ-श्रावणातल्या उधाणाला, भर पावसात व्हावी. अभियंत्यांबरोबर एक कोळी, एक म्हातारी आणि एक अवखळ पोर असावे. काय धोके आढळले, कोणते दूर केले, कोणते उरले आणि फाटक कोण, केव्हा बंद करणार, हे सारे मराठीत प्रवेशद्वारावरच लावावे. एवढे होईपर्यंत फीत कापण्याची कात्री खुशाल गंजू द्या. बाग एक वर्ष उशिरा मिळाली म्हणून कोणी मरत नाही.