टीडीएस किती आला रे?

गेल्या दिवाळीत घरी प्युरिफायर विकणारा एक जण आला. दोन ग्लास भरले, एक आमच्या नळाचा, एक त्याच्या आरओचा. दोन्हींत लोखंडी सळ्या बुडवून करंट सोडला. दोन मिनिटांत आमचा ग्लास चहासारखा! आईचा चेहरा पडला. आणि मी, थर्ड इयर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, शेजारी गप्प उभा. रात्री जेवताना ट्यूब पेटली. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नव्हताच, सळईचंच लोखंड झिजून पाण्यात उतरलं होतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते. आरओच्या पाण्यात ते फारसे नसतात, म्हणून तो ग्लास स्वच्छ. अकरावी-बारावीची केमिस्ट्री हो! पण तोवर ॲडव्हान्स देऊन झाला होता.

हॉस्टेलवर आलो तर इथे विंगमध्ये टीडीएस मीटरची फॅशन. "180 आला, मस्त पाणी!" मित्रांनो, हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. आयएस 10500 या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, शिशाची 0.01. मीटरचा लीस्ट काउंट 1. म्हणजे शिसं मर्यादेच्या पन्नासपट असलं तरी मीटरला पत्ता लागणार नाही.

कुणी म्हणेल, पाणी शुद्धीकरण केंद्रात तपासतात की. मान्य. पण तिथून आपल्या ग्लासापर्यंत मैलोगणती पाइप आहेत, टाकी आहे, पितळी तोटी आहे. अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये हेच नडलं. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवायला शहराने फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं, पण पाइप झिजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. शिसं नदीतून आलं नाही, जुन्या पाइपांतून उतरलं. अधिकारी म्हणत राहिले, पाणी ठीक आहे. 2015 मध्ये व्हर्जिनिया टेकचे प्रा. मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लोकांकडे बाटल्या पाठवल्या, लोकांनी आपापल्या नळाचे नमुने भरून दिले, तेव्हा बिंग फुटलं. ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. सबमिशन्स त्या पोरांनाही असतीलच की!

सगळी गोम नमुना घेण्यात आहे. शिशासाठी नळ निदान सहा तास बंद हवा आणि बाटलीत पहिलंच पाणी यायला हवं. आधी पाच मिनिटं नळ सोडून ठेवला, की पाइपात मुरलेलं पाणी वाहून जातं आणि रिपोर्ट झकास येतो.

आमच्या नोटीस बोर्डवरचा रिपोर्ट परवा नीट वाचला. नमुन्याची जागा: टाकी. जंतू, कडकपणा, टीडीएस, सगळं 'योग्य'. शिशाचा रकानाच नाही. पाणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण चांगलं आहे हे कशावरून म्हणायचं?

प्रत्येक विंगमधून पहाटेची एकेक बाटली भरून बाहेरच्या मान्यताप्राप्त लॅबकडे पाठवावी, असा अर्ज रेक्टर सरांसाठी लिहिलाय. खर्च गॅदरिंगच्या डीजेमधून काढा असंही सुचवलंय (मार खाणार आहे, माहितीये). अर्ज मेसच्या काउंटरवर आहे. आत्तापर्यंत सात सह्या, त्यातल्या तीन आमच्याच रूमच्या.